ज्याचं त्याचं पुस्तक

सुकुमारनं माझ्या पुस्तकाचं कौतुक केलं, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

सुकुमार माझा धाकटा भाऊ. पुण्यात विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. आप्पा, म्हणजे आमचे वडील, गेले तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नव्हता आणि मी त्याच्याशी. आप्पा सांगलीच्या दवाखान्यात महिनाभर पडून होते आणि हा एकदाही फिरकला नाही. आज ऑडिट, उद्या बाहेरदेशचे पाहुणे. आला तो राख सावडायला. मी चार माणसांसमोर त्याला जे बोलायचं ते बोलले, तो चप्पल घालून निघून गेला, आणि पुढं लग्नकार्यात आम्ही मांडवाच्या दोन टोकांना बसायला लागलो.

हे सगळं मी पुस्तकात लिहिलं. नाव ठेवलं ‘दवाखान्याची पायरी’. भावाला सुहास केला, पण तो सुहास कोण हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही सांगावं लागलं नसतं. आणि तोच सुकुमार आता फोनवर म्हणत होता, “आक्का, वाचलं गं तुझं पुस्तक. तू मला समजून घेतलंस. आजवर कुणी घेतलं नव्हतं.”

समजून घेतलं? अहो, त्या पुस्तकात मी त्याला सोलून ठेवला होता.

पण खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याचा पुन्हा फोन आला, तिसऱ्या दिवशीही. गुडघा कसाय, पाणी येतंय का, डास आहेत का. इतकी वर्षं तोंड न दाखवलेला माणूस डासांची चौकशी करतोय म्हटल्यावर पाणी कुठंतरी मुरतंय हे मला कळत होतं. कुठं मुरतंय ते मात्र कळत नव्हतं.

मी शालन दत्तवाडे. सांगलीतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझं आयुष्य गेलं. लग्नपत्रिका, दिनदर्शिका, पोथ्या, निवडणुकीची पत्रकं, सगळ्यांवर माझी लाल शाई फिरली आहे. दुसऱ्याच्या चुका काढून पोट भरलं, त्यामुळं स्वभावही तसाच झाला. लग्न केलं नाही. आप्पांजवळ मीच राहिले.

निवृत्त झाल्यावर पुस्तक लिहिलं. प्रकाशकांनी ते परत पाठवलं, तेव्हा आमच्याच छापखान्यातून स्वतः छापून घेतलं. गठ्ठे खाटेखाली गेले. मग माझी भाची, चुलतभावाची मुलगी, म्हणाली, आत्या, आता पुस्तक दुकानात खपत नाही, ऑनलाइन खपतं, तू लोकांना दिसायला पाहिजेस. मी दिसायला लागले. कृष्णेच्या घाटावर उभी राहून एक उतारा वाचला, भाचीनं त्याची रील केली. लोकांनी मागच्या कुत्र्याचं कौतुक केलं. निरनिराळ्या ग्रुपांवर मुखपृष्ठ टाकलं. अभिनंदनाचे पुष्पगुच्छ आले, गिऱ्हाईक आलं नाही. लगेच कुणीतरी खाली शुभ सकाळ टाकायचं आणि माझं पुस्तक वर सरकून गडप व्हायचं.

तोवर लोकांनी कागदावर वाचणं जवळजवळ सोडलंच होतं. घडीचे फोन आले होते. घडी उघडली की वहीएवढं पान समोर. त्या फोनांवर ‘सुवाच’ नावाच्या कंपनीची जाहिरात यायची: नव्या लेखकांनो, तुमचं पुस्तक आम्ही प्रत्येक वाचकाच्या मनापर्यंत पोचवतो. मी करार मागवला आणि अक्षरन् अक्षर वाचला. शुद्धलेखनाच्या इतक्या चुका होत्या की त्या सगळ्या लाल रंगात दुरुस्त करून मी करार परत पाठवला, त्यांनी आभार मानून सुधारलेला पाठवला, आणि मग मी समाधानानं मान्यतेवर बोट टेकवलं. मुद्रितं तपासणाऱ्याची ही जुनी खोड आहे. वेलांट्या बघताना वाक्य काय सांगतंय ते निसटून जातं.

महिन्याभरात पुस्तक गाजायला लागलं. पाच तारे, पुन्हा पाच तारे. चार देणारा एक नाही, तीन देणारा एक नाही. एवढं एकमत तर आमच्या गल्लीत कचऱ्याच्या गाडीबद्दलही कधी झालं नव्हतं. हे वाचक नसणारच, कंपनीनं यंत्राकडून लिहून घेतलेले अभिप्राय असणार, असं मी धरून चालले. म्हणून अभिप्रायाखाली नंबर दिलेल्या लातूरच्या एका वाचक बाईंना फोन केला. शाळेत शिकवणाऱ्या खऱ्याखुऱ्या बाई निघाल्या, बोलता बोलता मुलाला रागावत होत्या. आणखी दोघांना फोन केले. तीही जितीजागती माणसं. तेव्हा मी गप्प बसले. वाचक तपासून झाले होते, ते खरे होते. पुस्तक तपासावं हे काही मला सुचलं नाही. माझंच पुस्तक, त्यात काय तपासायचं?

आमचं बायकांचं एक मंडळ आहे. चातुर्मासात आम्ही दुपारच्या जमतो आणि पोथी वाचतो, सगळ्या मिळून एका आवाजात. प्रत्येकीची प्रत आपापल्या मांडीवर, बोट ओळीवर. एखादी चुकली तर आवाज लगेच फाटतो आणि बाकीच्या तिच्याकडं बघतात. यंदा राजमती उपाध्ये म्हणाली, पोथी संपली, आता शालनचं पुस्तक असंच वाचू. राजमती माझी शाळेपासूनची मैत्रीण. पोथीच्या जागी माझं पुस्तक ठेवणार म्हटल्यावर मी नको नको म्हणत तयार झाले.

सगळ्यांनी फोन उघडले. मी माझी छापील प्रत घेतली. पहिलं पान एका सुरात गेलं आणि माझ्या अंगावर काटा आला. आप्पांना रिक्षातून दवाखान्यात नेलं ते माझं वाक्य एवढ्या बायका एकदम म्हणत होत्या. दुसऱ्या पानावर एक शब्द इकडं, एक तिकडं झाला. वाटलं, कुणाचा चष्मा बदलायला आलाय. चौथ्या पानावर आवाज असा फाटला की कोण काय म्हणतंय ते समजेना.

“तू कुठल्या पानावर आहेस?” राजमतीनं सुनंदा मगदूमला विचारलं.

“तुझ्याच पानावर,” सुनंदा म्हणाली. तिनं फोन पुढं केला. पान तेच, आकडा तोच, मजकूर वेगळा.

मग एकेकीनं आपापलं सांगायला सुरुवात केली. सुनंदाचं सुनेशी पटत नाही, तर तिच्या प्रतीत एक उद्धट सून होती आणि ती शेवटी पाया पडत होती. माझ्या पुस्तकात सूनच नाही. दुसरीच्या प्रतीत दवाखान्यातल्या नर्सचं डॉक्टरशी जमत होतं. राजमतीला दुःखाचं काही सोसत नाही. ती म्हणाली, “अगं, माझ्यात तर आप्पा बरे होऊन घरी येतात. अंगणात बसून चहा पितात. मी किती रडले होते आनंदानं.”

आप्पांच्या ओठांना मी माझ्या हातानं अखेरचं पाणी लावलं होतं आणि राजमतीच्या फोनमध्ये ते चहा पीत बसले होते. भडकून मी सगळ्यांना फोन मिटायला लावले. पण रागाच्या खाली दुसरीच धास्ती होती. राजमतीला हे मिळालं, सुनंदाला ते मिळालं. मग सुकुमारनं काय वाचलंय?

घरी येऊन सुवाचला फोन लावला. ऋजुता नावाच्या मुलीनं उचलला. तू माणूस आहेस की यंत्र, असं मी आधी विचारून घेतलं. ती दमलेल्या आवाजात म्हणाली की सकाळपासून सगळे हेच विचारतायत. त्या थकव्यावर मी विश्वास ठेवला.

तिनं सगळं नीट समजावून सांगितलं, अगदी अभिमानानं. वाचताना आपला डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही, उड्या मारत जातो. सोप्या जागी लांब उडी, अवघड जागी आखूड. एखादा शब्द मनाला लागला की तिथं थबकतो, नाहीतर मागं फिरतो. फोनचा समोरचा कॅमेरा या उड्या टिपतो, डोळ्याची बाहुली मोठी होते की बारीक होते तेही टिपतो, आणि मनगटावरचं घड्याळ नाडी सांगतं. जाहिरातवाले ही माहिती आधीपासून गोळा करत होते. सुवाचनं ती पुस्तकाला जोडली. पहिलं पान सगळ्यांना सारखंच, कारण तोवर वाचक कसा आहे हे माहीत नसतं. त्यानंतर यंत्राला अंदाज यायला लागतो आणि ते पुढची पानं त्या अंदाजाप्रमाणं नव्यानं लिहितं. तेही माझ्याच शैलीत, कारण माझं सगळं लिखाण मीच त्यांना दिलं होतं. वाचकानं मध्येच पुस्तक मिटलं तरी यंत्र हरत नाही. पुन्हा उघडलं की तेच पान थोडं निराळं येतं. ज्या बदलामुळं वाचक पुढं वाचतो तो बदल राहतो, बाकीचे काढून टाकले जातात. करारात हे सगळं होतं. त्या परिच्छेदातल्या दोन वेलांट्या मीच सुधारल्या होत्या.

बंद करायची सोय होती, एक बटण. पण ते सगळ्यांसाठी एकदमच. दाबलं की प्रत्येक फोनमध्ये माझा मूळ मजकूर येणार, ज्यांचं वाचून झालं त्यांच्याही. एकाचं ठेवून दुसऱ्याचं काढता येणार नाही.

“माझ्या भावाला काय दाखवलंत तेवढं सांग,” मी म्हणाले.

“ते नाही सांगता येत मॅडम. वाचकाची प्रत ही त्याची खासगी गोष्ट असते.”

“पुस्तक माझं आहे.”

“हो मॅडम. पण प्रत त्यांची आहे.”

सुकुमार रविवारी जेवायला येणार होता. तोवर मी बटणाला हात लावला नाही. दाबलं असतं तर तो यायच्या आधीच त्याच्या फोनमध्ये खरं पुस्तक उगवलं असतं, आणि मग तो कशाला येतोय? माझ्या पुस्तकात कोण कुठलं यंत्र लुडबूड करतंय आणि मी एका जेवणासाठी ते चालवून घेतेय, याची चीड येत होती. तरी चालवून घेतलं.

तो दुपारी आला. केस पिकले होते. दारातच वाकून पाया पडला. मी भाकरी, मुगाची आमटी आणि दोडक्याच्या शिरांची चटणी केली होती. तो पोटभर जेवला आणि जेवता जेवता पुस्तकावरच बोलत राहिला. मी वाढत होते आणि त्याच्या तोंडून माझंच पुस्तक पहिल्यांदा ऐकत होते. त्याच्या प्रतीत सुहास निरोप मिळताच निघतो, कराडजवळ गाडी बंद पडते, तो एका ट्रकला हात करतो, आणि दवाखान्याच्या पायरीवर पोचतो तेव्हा सगळं आटोपलेलं असतं.

मी जपून विचारलं, असं खरंच झालं होतं का.

“कुठलं गं,” तो म्हणाला. “मी निघालोच नव्हतो. पण मनातनं किती वेळा निघालो होतो, ते तुला कसं कळलं?”

मला कळलं नव्हतं. ज्याला कळलं होतं त्यानं त्याचा डोळा कुठं अडतो आणि नाडी कुठं पळते ते मोजलं होतं. मी भाकरीचा तुकडा मोडत बसले.

हात धुऊन तो पुन्हा पाटावर येऊन बसला आणि म्हणाला, “आक्का, एक विचारू? आप्पांनी शेवटी माझं नाव घेतलं, असं लिहिलंयस. ते खरंय ना? तिथं तर तूच होतीस.”

होते ना. मी एकटीच होते. म्हणजे ‘हो’ म्हटलं असतं तर जगात कुणी खोडून काढणार नव्हतं. तो शब्द जिभेवर आलाही होता. समोर बसलेला माणूस त्या एका वाक्यावर इतक्या वर्षांनी माझ्या घरी आला होता, ते वाक्य काढलं तर त्याच्याकडं काय उरणार हे मला दिसत होतं. पण हा भाऊ मी मिळवलेला नव्हता, यंत्रानं मिळवून दिला होता. आज ‘हो’ म्हटलं तर इथून पुढं प्रत्येक फोनवर मला त्या यंत्राच्या वतीनंच बोलावं लागणार होतं. तो डासांची चौकशी करणार आणि उत्तर कंपनीची बहीण देणार.

“नाही रे,” मी म्हणाले. “आप्पा बोलतच नव्हते. तोंडात नळी होती. मी असं काही लिहिलेलं नाही.”

मग त्याला सगळं सांगितलं, मंडळाचं, ऋजुताचं, बटणाचं. खाटेखालून छापील प्रत काढून दिली. त्यानं ते प्रकरण उघडून उभ्या उभ्याच वाचलं. त्याच्याकडं बघवेना म्हणून मी भांडी गोळा करायला लागले.

“म्हणजे तू मला अजून तसाच समजतीस,” तो म्हणाला.

मी म्हणाले, जे बघितलं ते लिहिलं.

“एवढं एक वाक्य राहू दिलं असतंस, तर तुझं काय जात होतं, आक्का?”

तो चप्पल घालून गेला. पुस्तक मात्र काखेत मारून गेला, बहुधा त्याच्या लक्षातही आलं नसेल.

त्याच दुपारी मी बटण दाबलं. आता राखायचं काहीच उरलं नव्हतं.

पुढं जे व्हायचं ते झालं. तारे गळायला लागले. कुणी लिहिलं, लेखिकेनं चांगलं पुस्तक बिघडवलं. कुणी लिहिलं, ही फसवणूक आहे, आधीचं पुस्तक परत द्या. लातूरच्या बाईंनी फोन उचलणं बंद केलं. मंडळात राजमती माझ्या शेजारी बसेना. “माझे आप्पा मारलेस तू,” ती म्हणाली, आणि ती थट्टा करत नव्हती. ऋजुताचा फोन आला की निदान शेवट तरी वाचकांवर सोडा, एवढी चांगली चाललेली गोष्ट हातानं का घालवता. मी नाही म्हटल्यावर तिनं नवीनच सोय सांगितली. लेखक लोक वाईट अभिप्रायांनी खचून जातात, म्हणून आता अभिप्रायही लेखकाच्या मनाचा कल बघून दाखवणार होते. मी अभिप्राय वाचते तेव्हा माझाही डोळा टिपला जातोच, असं ती अगदी सहज म्हणाली. मी फोन आपटला.

पुस्तकाचं मला फार वाटलं नाही. वाटलं ते सुकुमारचं. त्याचा फोन नाही, निरोप नाही. मीही केला नाही, कुठल्या तोंडानं करणार? चालून आलेला भाऊ माझ्या खरेपणापायी मी घालवला होता. खरं बोलून वाईट झालं की माणसाला दुसऱ्या कुणावर चिडताही येत नाही.

आणि एका सकाळी पुस्तकाखाली नवा अभिप्राय दिसला. एक तारा.

‘या पुस्तकातला सुहास म्हणजे मी. लेखिका माझी सख्खी बहीण. मी दवाखान्यात गेलो नव्हतो, तिनं लिहिलंय ते बरोबर आहे. आप्पा अगदी तसेच होते. मला पुस्तक आवडलं नाही. सुकुमार दत्तवाडे, पुणे.’

मी तो वाचला, पुन्हा वाचला आणि फोन पालथा घातला. मला जगात एकच अभिप्राय हवा होता आणि नेमका तोच आला होता. हवं ते नेमकं समोर येतं म्हणजे काय असतं, ते आता मला पुरतं माहीत झालं होतं. माझा डोळा रोज त्या अभिप्रायांत कुणाचं नाव शोधतो ते सुवाचला दिसत असणारच. आडनाव, गाव, सख्खी बहीण, सगळं त्यांच्याकडं होतंच. मला खूश करून बटण पुन्हा उलटं फिरवून घ्यायचं असेल तर याहून चांगला गळ कुठला? मी तो शब्दाशब्दानं तपासला, एक चूक सापडेना. सुकुमार आणि बिनचूक? संशय आणखीच बळावला.

शेवटी काही इलाज राहिला नाही, म्हणून त्याला फोन लावला. बराच वेळ वाजला. मग त्यानं उचलला.

“हे एक ताऱ्याचं तूच लिहिलंयस का?” मी विचारलं.

“मग कोण लिहिणार?”

“शुद्धलेखन कसं काय बरोबर?”

“तू वाचणार म्हणून सुनेकडनं तपासून घेतलं.”

तरी माझं समाधान होईना. आवाजही हल्ली कुणाचाही काढता येतो. “एवढं आवडलं नाही, तर एक तारा तरी कशाला दिलास?”

“शून्यच द्यायचे होते,” तो म्हणाला. “त्यात शून्य देताच येत नाहीत. अर्धा तास खटपट केली.”

ते ऐकलं आणि माझी खात्री पटली. हा माझाच भाऊ. मला हवं ते सांगणाऱ्या कुठल्याही यंत्राला एवढा खवचटपणा जमला नसता. तिकडून नुसताच त्याचा श्वास ऐकू येत होता.

“मग, ठेवू फोन?” मी विचारलं.

“मी कुठं ठेव म्हटलं?” तो म्हणाला.